राजकन्येला आडनाव नसतं

आमच्या लेकीने वरणभात कालवता कालवता सांगितलं की तिला आवडलेला मुलगा जपानी आहे. जपानी म्हणजे इथलाच, शिकागोजवळ शॉमबर्गमध्ये आमच्यापासून चार सिग्नलवर वाढलेला. त्याचे आजोबासुद्धा अमेरिकेतच जन्मलेले. पण सासूबाईंनी पुढचं ऐकलंच नाही. त्यांनी 'जपानी' एवढा एक शब्द उचलला, हात धुतले आणि टॅबलेट घेऊन आपल्या खोलीत गेल्या. मला वाटलं, झालं, आता आठवडाभर अबोला. नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे, आणि लेक म्हणाली, "इज शी ओके?"

ओके म्हणजे काय, बाई अभ्यासाला बसल्या होत्या. सासरे गेल्यावर पुण्याचा फ्लॅट बंद करून त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हापासून जगातली कुठलीही गोष्ट समजून घ्यायची त्यांची एकच रीत आहे, मराठी व्हिडिओ. गुडघ्याचे व्यायाम, अमेरिकेची निवडणूक, मायक्रोवेव्हमधला ढोकळा, सगळं तिथलंच. त्यांनी 'जपानी लग्न' शोधलं आणि त्यांना सापडली जपानची राजकन्या. कॉलेजातल्या साध्या मुलाशी लग्न केलेली, राजवाडा आणि पदवी सोडून अमेरिकेत येऊन राहिलेली. एक व्हिडिओ संपला की खाली दुसरा तयारच. थोड्याच दिवसांत आमच्या घरी स्वतःच्या भाच्यांपेक्षा त्या राजघराण्याची जास्त चौकशी व्हायला लागली.

"राजघराण्यातल्या मुलीने बाहेर लग्न केलं की तिला घराण्यातून काढतात," त्या मला सांगायच्या. मी तेव्हा मीटिंग म्यूट करून भेंडी चिरत असायचे. "मुलग्याने केलं तर नाही काढत. मुलीला मात्र बाहेर."

"आपल्याकडे वेगळं काय होतं, आई?"

"आपण कुठे राजघराणं," असं म्हणून त्या चष्मा पुसायच्या.

त्यांचा जीव सगळ्यात तुटायचा तो तिच्या इथल्या संसारासाठी. छोटासा फ्लॅट, हाताखाली कोणी नाही, बाजारहाट स्वतः करायची, आणि लोक लपून तिचे फोटो काढणार. "एवढ्या थंडीत पिशव्या घेऊन एकटी चाललीय बघ. राजाच्या घरातली पोर." हे त्या हळहळून सांगत असताना मी गॅरेजमधून किराण्याच्या पिशव्या आत आणत असायचे, आणि मला जायला वाट मिळावी म्हणून त्या पाय सोफ्यावर घ्यायच्या. एकदा मी म्हटलं, "मीही अशीच आले होते हो. डिपेंडंट व्हिसावर. हे ऑफिसला, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि मला गाडी चालवता येत नव्हती." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तुला सवय होती." नागपूरच्या उन्हात वाढलेल्या मुलीला बर्फाची सवय कुठून आली, ते मी विचारलं नाही. हातातलं दूध फ्रीजमध्ये ठेवलं.

पण त्यांना खरं नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या लोकांना आडनावच नसतं. राजकन्येला जन्मापासून नुसतं नाव. आडनाव मिळालं ते एकदम लग्नानंतर, नवऱ्याचं. "म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा आडनाव मिळालं, आणि तेही दुसऱ्याचं," सासूबाई म्हणाल्या. मला हसू आलं. ती तरी फायद्यात राहिली म्हणायची. माझं लग्नात आडनाव गेलं, मधलं वडिलांचं नाव गेलं आणि माझं स्वतःचं नावही गेलं.

त्याचं असं झालं. लग्न लागल्यावर लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट पुढे आलं, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. तेव्हाही ही पद्धत जरा मागे पडायला लागली होती. माझ्या दोन मैत्रिणींच्या नवऱ्यांनी ताटात त्यांचंच नाव लिहिलं होतं. आमच्याकडे ती सोय नव्हती, कारण माझं आणि सासूबाईंचं नाव एकच निघालं. एका घरात एका नावाच्या दोन बायका, म्हणजे हाक कोणाला मारली तेच कळायचं नाही. सून नवी, म्हणून नाव सुनेचं बदललं. नवं नाव सासूबाईंनीच निवडलं, चांगलं देवीचं, तीन अक्षरी. कोणी वाईट वागलं नाही. मला कोणी विचारलं नाही, एवढंच. नवरा अजून म्हणतो, "तूच तर हो म्हणालीस." शालू नेसलेली, सगळं कार्यालय बघतंय, तोंडात कोणीतरी पेढा कोंबलाय, अशा वेळी बाई दुसरं काय म्हणणार, सांगा.

माहेरी जुनंच नाव चालू राहिलं. पण भाऊ ताई म्हणतो, त्यामुळे नावाने हाक मारणारी एकटी आईच. रविवारी तिचा नागपूरहून फोन यायचा. शेवटचं अक्षर लांबवून ती माझं नाव घ्यायची आणि मग, "काय करून राहिली?" आई गेल्यापासून त्या नावाने मला कोणीही हाक मारलेली नाही. आणि गंमत अशी की ते नाव घरात रोज ऐकू येतं. पुण्याहून सासूबाईंच्या मैत्रिणी स्पीकरवर तेच ओरडतात, दवाखान्यातली नर्स वेटिंग रूममध्ये त्याचे तुकडे करून तेच पुकारते. सुरुवातीला मी प्रत्येक वेळी मान वर करायचे. मग ती सवय मोडली.

मुलाकडचे भेटायला यायचे ठरले तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेतलं.

"हे बघ, त्यांच्यात साखरपुड्याला मुलाकडून मुलीकडे मासे येतात."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"राजवाड्यात येतात. मोठे लाल मासे, जोडीने. तांदळाची दारू आणि रेशमाचे तागे. मानाने घ्यायचे. तोंड वाकडं करायचं नाही."

आमच्याकडे अंडं घातलेला केकसुद्धा गॅरेजमध्ये उभं राहून खाल्ला जातो. त्या बाईंनी मनाची तयारी कशी केली असेल, त्यांचं त्यांना ठाऊक. मी सांगून बघितलं की मुलाचे वडील डेंटिस्ट आहेत, सम्राट नव्हेत. "जात एकच ना," त्या म्हणाल्या. मग गॅरेजमधला फ्रीज रिकामा झाला, लोणच्याच्या बरण्या वर आल्या. माशांसाठी एक परात वेगळी निघाली आणि तिच्या काठाला लाल नेलपॉलिशची खूण झाली, उद्या चुकून कोणी तीत कणीक मळायला नको म्हणून. मुलाकडून आलेल्या जिनसांना कुंकू लावतात, तसं माशांनाही लावायचं का, हा प्रश्न त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारला. मी म्हटलं, लावा, मासे काही बोलायचे नाहीत.

मुलाकडचे आले ते फळांची परडी आणि चॉकलेटचा डबा घेऊन. त्याची आई शाळेत संगीत शिकवते. चॉकलेटात अंडं नाही, जिलेटिन नाही, हे तिने दुकानात उभं राहून वाचून घेतलं होतं. नवराबायको दोघांनाही जपानी भाषेतलं ओ की ठो कळत नाही. पण अभ्यास तिनेही केला होता. भारतीय घरात गेल्यावर वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं, हे तिला लेकीने शिकवलं होतं. इकडे सासूबाई आठवडाभर आरशासमोर कमरेतून वाकायची प्रॅक्टिस करत होत्या. दारातच दोघी एकदम वाकल्या आणि डोक्यावर डोकं आपटलं. बर्फ लावून झाल्यावर सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "गाडीत अजून काही सामान राहिलंय का, विचार त्यांना." नव्हतं. लाल खुणेच्या परातीत शेवटी फळं धुतली, आणि सासूबाई सुटल्यासारख्याही दिसल्या आणि जरा अपमान झाल्यासारख्याही.

चहा झाल्यावर मुलाच्या आईने हात जोडले. तुमच्यात लग्नात सुनेला नवं नाव देतात आणि ते मुलाकडचे ठरवतात असं मला कळलं, ती म्हणाली. पण आम्हाला तुमच्या भाषेतलं काही समजत नाही. आमच्या हातून भलतंच नाव ठेवलं जायचं. तर घरातल्या सर्वांत मोठ्या म्हणून आजींनीच निवडावं. लेकीने भाषांतर केलं. सासूबाईंनी कपाळावरचा बर्फ काढला आणि मान डोलावली.

तांदळाचं ताट आणि सासूबाईंनी निवडलेलं नाव, हे मी एकदा बघितलेलं आहे.

पाहुणे गेल्यावर मी लेकीला गाठलं. हे खूळ तुझ्या डोक्यात कुठून आलं, असं विचारलं. तिने फोन पुढे केला. कुठल्याशा नवरीचा व्हिडिओ, तांदळाभोवती गुलाबाच्या पाकळ्या, मागे बासरी. "इट्स सो ब्यूटिफुल, आई. आणि लीगली काहीच चेंज होत नाही. इट्स जस्ट फॉर द सेरेमनी." मी म्हटलं, ती खेळायची गोष्ट नाही. ती म्हणाली, "पण तूसुद्धा केलंस ना? व्हाय आर यू सो अँग्री?"

काय सांगणार तिला. तिचं नाव मी ठेवलं होतं. हॉस्पिटलमध्ये, सासूबाईंचं विमान शिकागोला उतरायच्या आत, मुद्दाम घाई करून. माझं नाव ठेवताना मला विचारलं नाही ते दोन वेळा, एकदा पाळण्यात आणि एकदा मांडवात. जगात एकच नाव मी स्वतः निवडलं होतं, ते हे. आणि आता त्यावर हसत हसत अंगठी फिरणार होती, तीही पोरीच्याच हौसेने. मला रडू आलं आणि रडू आलं याचा राग आला. "कर काय करायचं ते," म्हणून मी लाँड्री लावायला गेले.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात सासूबाईंनी तांदूळ आणायला मला बरोबर घेतलं. ताटात बासमती नको, आंबेमोहोर हवा, आणि तो स्वतः हातात घेऊन बघायचा. गाडीत मी न राहवून विचारलं, "नाव ठरलं का, आई?"

"बघतेय."

मग म्हणाल्या, "त्या राजकन्येचं सगळं काढून घेतलं गं. घर, मान, पदवी. पण नाव नाही बदललं. आईबापांनी ठेवलेलं तेवढं राहिलं तिच्याकडे."

"हो."

"माझं बदललं होतं."

मला आधी कळलंच नाही. "तुमचं? कधी?"

"लग्नात. हे काय माझं नाव आहे? लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत ह्यांच्या घरी कोणाला सुचत नव्हतं. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर देवीचं चित्र. तिच्या खाली जे छापलं होतं ते ठेवलं."

मी गाडी पहिल्या दिसलेल्या पार्किंगमध्ये घातली. म्हणजे ज्या नावापायी माझं नाव गेलं, ते नाव मुळात यांचं नव्हतंच. कॅलेंडरचं होतं. घरात एका नावाच्या दोन बायका नकोत म्हणून जिचं बदललं, तिचं तर ते जन्माचं होतं, आणि जिचं राहिलं तिला ते भिंतीवरून मिळालेलं. मला इतका राग आला की स्टिअरिंग धरूनच बसले. इतकी वर्षं मी या बाईंची औषधं, पथ्यं, उपास सांभाळले. एका शब्दाने बोलल्या नाहीत.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला होता. "तुमचं जुनं तुम्ही घेतलं असतं, माझं मला राहिलं असतं."

"कोणाकडून घेणार होते? मला त्या नावाने हाक मारणारं तेव्हा कोणी राहिलं नव्हतं." त्या समोरच्या काचेकडे बघत होत्या. "हे नाव माझं आहे असं वाटायला मला फार वर्षं लागली. जरा कुठे वाटायला लागलं आणि तू आलीस, तेच नाव घेऊन. मला भीती वाटली. हेही गेलं तर मला काय म्हणणार?"

राग गेला नव्हता, पण तो कुठे ठेवायचा ते कळेना. मी विचारलं, "तुमचं खरं नाव काय होतं?" त्यांनी सांगितलं. सांगताना पदर नीट केला. ते मी इथे लिहीत नाही, त्यांनी ते मला एकटीला सांगितलंय.

"आणि आपल्या पोरीचं?" मी विचारलं.

"आधी तांदूळ घेऊ या," त्या म्हणाल्या, आणि सीटबेल्ट नीट लावला.

लग्न कम्युनिटी हॉलमध्ये झालं. गुरुजी आठवडाभर एका कंपनीचा डेटाबेस सांभाळतात आणि शनिवारी लग्नं लावतात, त्यामुळे सगळं वेळेवर. जावयाचा फेटा सारखा डोळ्यांवर येत होता. या मुलाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. कुठलं नाव लिहायला लागेल ते माहीत नाही, म्हणून त्याने महिनाभर बसून अख्खी बाराखडी गिरवली होती. 'क्ष' आणि 'ज्ञ'सुद्धा. आमच्या लेकीला स्वतःला 'ज्ञ' येत नाही.

ताट आलं. आंबेमोहोर, भोवती पाकळ्या, लेकीच्या मनासारखं. फोन वर झाले. सासूबाई माझा हात सोडून पुढे गेल्या, जावयाच्या कानाशी वाकल्या आणि काहीतरी बोलल्या. तो गोंधळला. फेटा वर सारून म्हणाला, "आर यू शुअर, आजी?"

"येस," सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. "सेम नेम. नो चेंज."

त्याने जीभ दाताखाली धरून एकेक अक्षर काढलं. मी खुर्चीवरून उठून बघितलं. तांदळात माझ्या लेकीचं नाव होतं, मी ठेवलेलं, जरा तिरकं पण पूर्ण. लेक थोडी हिरमुसली. "सो नथिंग चेंज्ड?" असं तिने नवऱ्याला विचारलंही. मुलाच्या आईचे मात्र डोळे भरून आले होते. तिला देवनागरी वाचता येत नाही, आणि फोनवर शूटिंग करायच्या नादात 'सेम नेम'ही तिने ऐकलं नव्हतं. किती सुंदर नाव निवडलंत, याचा अर्थ काय, असं ती सासूबाईंना विचारत होती. मी रडत होते, आणि नवरा मला समजावत होता, "अगं, चार सिग्नलवर तर चाललीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात मी आणि सासूबाई दोघीच जाग्या होतो. ओट्यावर काल ताटातून आणलेले तांदूळ होते. त्यांचा भात लावायचा, टाकायचे नाहीत, असं सासूबाईंनी कालच बजावलं होतं. मी पाकळ्या वेचून काढल्या, तांदूळ पातेल्यात घेतले आणि नळ सोडला. मागे डायनिंग टेबलाशी सासूबाई चहा घेत बसल्या होत्या. त्यांनी आपलं नाव घेतल्याचं मला ऐकू आलं. मी वळले नाही. औषधांच्या दुकानाच्या मशीनला त्या फोनवर असंच ठणकावून नाव सांगतात. मला वाटलं, गोळ्या संपल्या असतील.

त्यांनी परत तेच नाव घेतलं. "अगं, तुला म्हणतेय."

मी मान वळवली. त्यांच्या हातात फोन नव्हता.

"ते तुमचं नाव आहे, आई."

"माझं मला ठाऊक आहे. हे तुझं आहे, तू घे."

"मग घरात हाक कोणाला मारली ते कसं कळायचं?"

"मी कशाला मला हाक मारीन?" त्या म्हणाल्या, आणि कप खाली ठेवला. "तांदूळ दोनदा धू. अंगठी फिरलीय त्यात, हात लागलाय सगळ्यांचा."

मी पुन्हा नळाकडे वळले. पाण्याने काहीच दिसत नव्हतं, नळाच्याही आणि डोळ्यांच्याही. मागून तिसऱ्यांदा हाक आली. या वेळी शेवटचं अक्षर जरा लांबलं, म्हातारपणामुळे असेल. मी नळ बंद केला आणि ओ दिली.